राखा, नाहीतर मोडा

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. ज्यांना गोड आठवणीच हव्या आहेत त्यांनी पुढच्या वेळी यावे. लेहच्या चहाची गोष्ट अजून सांगायची राहिली आहे, ती आज नाही.

गेल्या आठवड्यात गावाहून पुतण्याचा फोन आला. "नाना, शेडमधली फियाट भंगारवाल्याला देऊ का? शेड पाडून तिथं गोठा वाढवायचाय." मी ताडकन म्हणालो, "तुझ्या बापाची गाडी आहे ती! भंगारात?" तो बिचारा गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "बरं, राहू दे." फोन ठेवला आणि मला वाटले, वा, दादाची आठवण वाचवली.

रात्री झोप लागेना. कारण उघड होते. दादा गेल्याला चौदा वर्षे झाली, आणि या चौदा वर्षांत मी त्या गाडीसाठी काय केले? दर दिवाळीला गावी जातो, शेडचे दार किलकिले करतो, बॉनेटवर हात फिरवतो, सुस्कारा सोडतो, दार लावतो. एकदा फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. चाळीस जणांनी 'किती आठवणी!' म्हणून कळवले. त्या फोटोत चारी टायर बसलेले होते. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. मीही नाही. आणि मी कोण? बावीस वर्षे ईएमईत गाड्या दुरुस्त केलेला माणूस!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईएमई म्हणजे लष्कराची यंत्रे चालती ठेवणारी कोअर. १९४३ साली, युद्ध चालू असताना तिची स्थापना झाली. आमच्याकडे शिपायाला शिपाई म्हणत नाहीत, क्राफ्ट्समन म्हणतात. भरती झालो तेव्हा त्या शब्दाची मोठी ऐट वाटली होती. मग कळले की क्राफ्ट्समनचे आयुष्य ग्रीसमध्ये जाते.

लष्करात गाडीचीही परेड असते. सकाळी गाडी चालू करायच्या आधी फर्स्ट परेड. रेडिएटरचे पाणी, इंजिनचे तेल, बॅटरी, फॅन बेल्ट, टायरमधली हवा, आणि गाडीखाली वाकून पाहायचे की रात्रीत काही गळले का. वाटेत थांबलो की हॉल्ट परेड. चाकांच्या हबवर हात ठेवून बघायचे, एखादा जास्त तापलाय का. संध्याकाळी लास्ट परेड. गाडी धुवायची, तेल भरायचे, दिवसभरात जे बिघडले ते लिहून द्यायचे. शक्तिमान असो, निस्सानची वन-टन असो की जोंगा, सुटका नाही. आमचे एक हरियाणवी उस्ताद होते. ते फर्स्ट परेडला पांढरे फडके घेऊन यायचे आणि ड्रायव्हरने 'सब ठीक' म्हटले की ते फडके इंजिनखाली फिरवायचे. फडके काळे निघाले की त्या ड्रायव्हरचा दिवस खराब. तेव्हा मनातल्या मनात आम्ही त्यांना काय काय म्हणायचो ते इथे लिहिता येणार नाही, भाचरे वाचतात.

गाडी पुरतीच गेली तर? त्याचीही पद्धत होती. बोर्ड बसायचा, तपासणी व्हायची आणि शेरा पडायचा: बी.ई.आर. म्हणजे दुरुस्तीचा खर्च आता परवडण्यापलीकडे गेला. मग कामाचे भाग काढून घ्यायचे, कागद पुरे करायचे, उरलेल्याचा लिलाव. कोणी रडायचे नाही. ज्या शक्तिमानच्या इंजिनाला थंडीच्या पहाटे शेक देऊन जागे केले, तिलाही आम्ही असेच सोडले. एखादा ड्रायव्हर जाताना बॉनेटवर थाप मारायचा, बस.

म्हणजे लष्कराला दोनच अवस्था माहीत होत्या. गाडी एकतर चालू, नाहीतर रीतसर कंडेम. आपण नागरिक मंडळींनी तिसरी शोधून काढली आहे. वस्तू टाकायची नाही आणि राखायचीही नाही. उभी ठेवायची आणि कुजू द्यायची. वर तिच्या नावाने उसासे टाकायचे. माझे भांडण आहे ते या तिसऱ्या अवस्थेशी.

२०१२ साली मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. तो अर्व्हाइनला राहतो, शेजारचे गाव टस्टिन. एके दिवशी गाडीतून जाताना घरांच्या छपरांवर एक प्रचंड कमानदार पाठ दिसली, मग तिच्याशेजारी दुसरी. मला वाटले स्टेडियम असावे. मुलगा म्हणाला, "बाबा, ते ब्लिम्पचे हँगर आहेत, दुसऱ्या महायुद्धातले." मी त्याला गाडी वळवायला लावली. कुंपणाबाहेरूनच पाहिले, पण अर्धा तास पाहिले.

ब्लिम्प म्हणजे हेलियम भरलेले, सांगाडा नसलेले हवाई जहाज. अमेरिकी नौदलाचे के-वर्गातले ब्लिम्प सुमारे २५० फूट लांबीचे. काम काय, तर किनाऱ्यालगत सावकाश घिरट्या घालत पाणबुड्या हुडकायच्या आणि जहाजांच्या तांड्यांना सोबत करायची. विमानाला हळू उडता येत नाही, याला तासन् तास हळू उडता येते. त्यांना ठेवायला नौदलाने देशभर सतरा अजस्र हँगर बांधले आणि तेही लाकडाचे! कारण युद्धनौका आणि रणगाडे यांना पोलाद पुरत नव्हते. टस्टिनचे दोन १९४२-४३ मधले. लांबी हजार फुटांच्या वर, रुंदी सुमारे तीनशे फूट, उंची सतरा मजली इमारतीएवढी, आणि आत एकही खांब नाही. ओरेगनकडचे डग्लस फर लाकूड, बोल्टांनी जोडलेल्या कमानी. एकेका हँगरमध्ये सहा ब्लिम्प मावायचे. आमच्या वर्कशॉपची मोठ्यात मोठी शेड त्याच्या एका कोपऱ्यात हरवली असती.

गंमत म्हणजे हे बांधकाम युद्धापुरते होते. युद्ध संपले की काम संपले. पण लाकडी कमानी उभ्याच राहिल्या. पुढे मरीन कोअरची हेलिकॉप्टरे तिथे राहायला आली आणि १९९९ साली तळ बंद झाला.

तळ बंद झाल्यावर जे झाले ते आपल्या ओळखीचे आहे. आजूबाजूची जमीन शहराकडे आली, तिथे घरे झाली, दुकाने झाली, शाळा झाल्या. उत्तरेकडचा हँगर मात्र नौदलाच्याच मालकीचा राहिला. त्याचे बाग करायची, क्रीडासंकुल करायचे, कोणाच्या ताब्यात द्यायचे, यावर वर्षानुवर्षे बोलणी. मी पाहून आलो त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याच्या छपराचा एक भाग कोसळला. बोलणी पुन्हा चालू. लोकांना हँगर प्रिय होता बरे का. फोटो काढायचे, त्याचे चित्र मिरवायचे, 'आमच्या गावाची ओळख' म्हणायचे.

७ नोव्हेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर त्याला आग लागली. ऐंशी वर्षे वाळलेले लाकूड ते! अग्निशमन दलाने हेलिकॉप्टरमधून पाणी टाकून पाहिले आणि मग आत माणसे घालायचे नाही, कोसळू द्यायचे, असा निर्णय घेतला. बरोबर निर्णय होता. मुलाने पहाटेचे चित्रण पाठवले. त्या कमानींच्या फासळ्या आगीत उभ्या दिसत होत्या. पुढे आठवडे तो ढिगारा धुमसत होता. आणि त्या हँगरच्या बांधकामात ॲस्बेस्टॉस होता. राखेबरोबर तो उडून लोकांच्या अंगणात, खिडक्यांवर, मैदानांत पडला. शाळा बंद कराव्या लागल्या, बागांना कुलपे लागली, संरक्षक पोशाख घातलेली माणसे घरोघर कपचे वेचत फिरली. साफसफाईचा खर्च कोट्यवधी डॉलरच्या घरात. छपरासाठी पैसे नव्हते, राखेसाठी मात्र निघाले.

मुलगा म्हणाला, "बाबा, इतिहास जळाला." मी त्याला तेव्हा दुजोरा दिला होता. आज देणार नाही. इतिहास त्या रात्री जळाला असे म्हटले की दोष आगीवर जातो. चोवीस वर्षे त्याची ना परेड झाली, ना त्याच्यावर बोर्ड बसला, त्याचे काय?

आणि हे अनपेक्षित होते असेही कोणी म्हणू नये. ओरेगनमधल्या टिलामूकला असेच दोन लाकडी हँगर होते. त्यातला एक १९९२ साली जळून गेला, आत गवताचे भारे साठवले होते! उरलेल्यात विमानांचे संग्रहालय आहे. म्हणजे शिकवण एकतीस वर्षे आधी मिळाली होती.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या लाकडासाठी नाना का एवढा तापतोय. बरे, मग आपल्या मुंबईत या.

विक्रांत. १९६१ साली नौदलात आली, भारताची पहिली विमानवाहू नौका. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून तिच्या सीहॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावला झोडपले. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली आणि पुढे मुंबईत तिचे संग्रहालय झाले. मी मुलांना घेऊन गेलो होतो. जहाजाच्या पोटातल्या हँगरमध्ये विमाने ठेवली होती, लिफ्टपाशी उभे राहून धाकटीने विचारले होते, "बाबा, हे जहाज पुन्हा जाणार का?" आमच्या डोळ्यांत पाणी वगैरे.

पण जहाज पाण्यात उभे होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उभे असलेले पोलाद रोज थोडे थोडे खाल्ले जाते, यासाठी इंजिनियर असायची गरज नाही, कोळ्याच्या पोराला विचारा. कायमची जागा द्यायची, धक्का बांधायचा, खासगी भागीदार आणायचा, अशा चर्चा होत राहिल्या. सरकारे आली, गेली. २०१२ साली जहाज सुरक्षित उरले नाही म्हणून लोकांना आत सोडणे बंद झाले. मग राज्य सरकारने हात वर केले. सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव झाला. मग आपण सगळे जागे झालो! जनहित याचिका, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, मोर्चे, लेख. मीही सह्या केल्या. उपयोग शून्य. २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्यावर गॅसकटर चालले.

दोन वर्षांनी तिचे लोखंड वितळवून बनवलेली मोटारसायकल बाजारात आली. माझ्या एका भाच्याने ती घेतली आणि टाकीवर थाप मारून म्हणाला, "मामा, ही विक्रांत आहे." त्याचा हेतू चांगला होता म्हणून मी काही बोललो नाही. पण ज्यांना पंधरा वर्षांत जहाजाला जागा देता आली नाही त्यांना टाकीवरच्या बिल्ल्याने समाधान मिळावे, याची मला लाज वाटली. (मोटारसायकल चांगली होती, तक्रार नाही.) २०२२ साली नवी विक्रांत दाखल झाली तेव्हा जुनीची पुन्हा आठवण निघाली, पुन्हा उसासे.

'आपल्याकडे हे जमतच नाही' असे म्हणणारे लगेच पुढे येतील. त्यांनी विशाखापट्टणमला जाऊन यावे. कुरसुरा ही आपल्याच नौदलाची पाणबुडी. २००१ साली निवृत्त झाली, २००२ मध्ये तिचे संग्रहालय उघडलेसुद्धा. केले काय? तिला ओढून किनाऱ्यावर, वाळूत आणून बसवले. पाण्यातून बाहेर काढली की निम्मे दुखणे संपते. तिकीट लावले, नौदलाचे निवृत्त लोक माहिती द्यायला ठेवले. अरुंद पाणबुडीतून लोक डोके वाकवून रांगेने जातात. आपल्या नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे) रणगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९४ पासून. तिथे कोणी तरी रंग काढतो, कोणी तरी पाला झाडतो, म्हणून ते आहे. या लोकांचे फोटो कुठे छापून येत नाहीत. उद्घाटनाची फीत कापणाऱ्याचा येतो.

मॉफेट फील्डचा हँगर वन आठवला, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेचा. हा पोलादी, १९३३ चा, मेकन नावाच्या महाकाय हवाई जहाजासाठी बांधलेला. १९३५ साली मेकन समुद्रात कोसळले, हँगर राहिला. त्याच्या पत्र्यांत विषारी रसायने सापडली तेव्हा पाडायची भाषा झाली. गावकरी भांडले, मग सगळे पत्रे काढून नुसता सांगाडा ठेवला. पुढे गूगलच्या एका कंपनीने २०१४ साली साठ वर्षांच्या करारावर तळ घेतला, हँगर नीट करायच्या अटीसह. प्रत्येक हँगरला असा श्रीमंत जावई मिळत नाही हे मान्य. पण अट लक्षात घ्या. करारातच लिहिले होते की आवरण पुन्हा चढवायचे.

आणि मोडण्याबद्दलही बोलतो, कारण मी काही जुने ते सोने म्हणणारा नव्हे. कराचीत इंग्रजांनी आर-१०१ या हवाई जहाजासाठी असाच अवाढव्य पोलादी हँगर बांधला होता. लंडनहून हवाई जहाजाने हिंदुस्थान, अशी कल्पना. ५ ऑक्टोबर १९३० ला आर-१०१ पहिल्याच सफरीत फ्रान्समध्ये कोसळून जळाले, ५४ पैकी ४८ माणसे गेली, आणि इंग्रजांनी तो नादच सोडला. कराचीच्या हँगरने आपले जहाज कधी पाहिलेच नाही. तिथले लोक त्याला 'काला छपरा' म्हणायचे. पुढे पाकिस्तानच्या काळात, १९६० च्या दशकात, तो उतरवून टाकला. लोखंड कामी आले असेल. कोणाच्या अंगणात विष पडले नाही. हळहळ वाटते, वाटू दे. पण वेळेत मोडलेल्या वस्तूचा मी मान राखतो.

आता आपल्या घरची मंडळी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, टस्टिनच्या आगीच्या आठवडाभर आधी, मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. काय ते अश्रू! 'आमचे बालपण गेले.' अहो, शेवटची दहा वर्षे तुम्ही पद्मिनी आली की मागच्या टॅक्सीला हात करत होता. दार नीट लागत नाही, एसी नाही, पाय मावत नाहीत. मी स्वतः दादर स्टेशनबाहेर हे ऐकलेय, आपल्याच एका मावशींच्या तोंडून. नाव सांगत नाही, त्या वाचतात. मुदत संपली, टॅक्सी गेली, हे रीतसर झाले. रडायचे होते तर आधी बसायचे होते.

मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही पैशांचे बोलत नाही. राखायला खर्च येतो आणि कुठल्याही सरकारला शाळा आधी, हँगर नंतर." मुद्दा खरा आहे. माझेही मत तेच, शाळा आधी. मग हँगर उतरवा! दारे काढा, नकाशे काढा, चार कमानी जपा, लाकूड विका, ॲस्बेस्टॉस माणसे लावून नीट बाहेर काढा. त्यालाही पैसे लागतात, पण जळाल्यावर त्याहून जास्त लागतात आणि शाळा तरीही बंद पडतात. 'निधी नाही' हे उत्तर मला ड्रायव्हरच्या 'सब ठीक'सारखे वाटते. फडके फिरवून बघणारा कोणी नाही, एवढाच फरक.

असो. दुसऱ्यांचे फडके खूप फिरवले. आता शेडमधली फियाट.

१९६८ ची फियाट ११०० डिलाइट. दादाने १९७९ साली सेकंड हँड घेतली, स्टिअरिंगवरच्या गिअरची. गावात तेव्हा दोनच मोटारी. मी सुट्टीवर आलो की स्टेशनवर न्यायला तीच यायची, दादा गणवेशातल्या मला पुढे बसवून मुद्दाम बाजारपेठेतून गाडी न्यायचा. त्याला लष्करात घेतले नव्हते, पायाच्या दोषामुळे. ते तो कधी बोलला नाही. पण दर सुट्टीत मला विचारायचा, "तुमची ती सकाळची परेड कशी असते रे?" आणि माझ्याकडून शिकून रोज सकाळी फियाटची फर्स्ट परेड करायचा, वहीत नोंद करून. ती वही वहिनींकडे आहे. शेवटची नोंद तो दवाखान्यात गेला त्या सकाळची आहे, टायरची हवा आणि बॅटरीचे पाणी. त्यानंतरची चौदा वर्षे कोरी. ती मी भरायची होती.

म्हणून पुतण्याला परवा पुन्हा फोन केला. आधी माफी मागितली. मग सांगितले, "रविवारी येतो. सोबत माझ्या ओळखीचा जुना मेकॅनिक आणतो. आपण बोर्ड बसवू. तळाचा पत्रा आणि क्रॉसमेंबर शाबूत असतील तर गाडी माझ्या पेन्शनमधून उभी करायची. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, तो अर्ज मी करतो. शाबूत नसतील तर इंजिन, गिअरबॉक्स, दारे, काचा ज्याच्याकडे चालू फियाट असेल त्याला द्यायच्या, आरटीओत नोंदणी रद्द करायची आणि उरलेला सांगाडा भंगारात. दोन्हीपैकी काही का होईना, दिवाळीपर्यंत शेड रिकामी. गोठा बांध."

तो म्हणाला, "नाना, नक्की? परत ओरडणार नाही ना?"

मागून वहिनींचा आवाज आला, "काय ते ठरवा, पण आधी त्या सीटखालची उंदरांची घरटी काढा म्हणावं."

तर मंडळी, जे येऊ शकतात त्यांनी रविवारी सकाळी आठ वाजता शेडवर यावे. जॅक आणि हवेचा पंप माझ्याकडे आहे. जुने कपडे घालून या, आणि कोणाकडे सहा व्होल्टची नव्हे, बारा व्होल्टची जादा बॅटरी असेल तर चार्ज करून आणा.